कमळातली माणसं

तायडे मास्तरांना काहीही पाहायचं झालं की ते आधी मागे मागे चालत जात. चित्र असो, नवी सायकल असो, कुणाची सून असो. पहिल्या भेटीत अकोल्याच्या भर बाजारात ते माझ्यापासूनही असेच मागे गेले, कांद्याच्या हातगाडीला टेकले आणि तिथून म्हणाले, "हां, आता दिसले तुमी. जवळून नुसतं नाक दिसून राह्यलं होतं."

अकोल्याच्या एका शाळेत ते ड्रॉइंग शिकवत. स्वतःच्या हाताचा अभिमान त्यांनी कधी लपवला नाही. "माह्यासारखी रेघ वऱ्हाडात कोनाची असन तर त्याले घेऊन या, चहा पाजतो," असं म्हणत. मी अमरावतीला सरकारी कचेरीत नकाशे काढी. छप्पन साली त्यांच्या वस्तीनं धम्म घेतला. पुढे काही वर्षांनी बुद्धपौर्णिमेला भिंतभर बुद्धाचं चित्र लावायचं ठरलं, तेव्हा त्याचा लहान आराखडा त्यांनी माझ्याकडे सोपवला.

आराखडा चौकटींच्या कागदावर काढायचा आणि कागदावरच्या एका घराची कापडावर एक वीत करायची, ही मास्तरांची रीत. वर बुद्ध, खाली कमळाचं आसन. बुद्ध मी इंची घरांच्या जुन्या कागदावर काढला. तो कागद संपला. कचेरीत नुकताच सेंटिमीटरचा कागद आला होता. तो खाली चिकटवून कमळ पुरं केलं. डोळ्याला सगळं बेतशीर दिसत होतं. खालची घरं लहान आहेत, हे ध्यानातच आलं नाही.

मास्तरांनी कागद जोडावर फाडून काम वाटलं. बुद्ध स्वतः घेतला, कमळ वस्तीतल्या पोरांना दुसऱ्या अंगणात दिलं. घरोघरच्या मांजरपाटाचे तुकडे शिवून केलेलं कापड कमळालाच अपुरं पडलं, तर बायांनी आणखी दिलं.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी मी पोचलो, तेव्हा दोन्ही भाग मैदानात जोडून अंथरले होते. अडीच पट कमळ, आणि त्यावर परातीत बेदाणा ठेवावा तसा बुद्ध.

"मोजता येत नाही का बे तुमाले?" एक म्हातारा पोरांवर खेकसला. "सारं गाव हासन आता. देव सोडले अन् हे काय मांडलं, म्हनन."

पोरं मान खाली घालून उभी. चूक माझ्या कागदाची, हे मला पाहताक्षणी कळलं होतं. पण अमरावतीची मोटार किती वाजता आहे, एवढंच मनात चाललं होतं.

मास्तरांनी दोन्ही कागद मागवले. घरांवर अंगठा ठेवून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि कागद खिशात टाकले. मग मागे चालत थेट मैदानाच्या टोकाला गेले.

"काहून बोलून राह्यले पोट्ट्यायले, दाजी?" तिकडून त्यांचा आवाज आला. "चित्र अर्धंच झालं. आयकनारे लोकं काढाचे बाकी हायेत. बुद्ध काय एकटाच बोलन?"

परत आले आणि माझ्या हातात कुंचला दिला. "मोटार उद्याही हाय, साहेब."

त्यांनी पाकळीपाकळीत माणसं बसवायला सुरुवात केली. समोरच्याकडे एकदा पाहायचं, चार रेघा ओढायच्या, की माणूस कापडावर. ज्या घरचा तुकडा, त्यावर त्याच घरचं माणूस. शिवण पाहून बायाच आपापला तुकडा ओळखत होत्या. मी नुसते पदर आणि पागोटी भरत होतो, तेही राहून जात होते, कारण नजर त्यांच्या हातावरून हलत नव्हती. असा हात मी पुन्हा पाहिला नाही. दुपार कलली तेव्हा कमळ मोठं वाटेनासं झालं. माणसं जवळ आली होती, आणि बुद्ध त्यांच्यापलीकडे, दूर, शांत बसला होता.

पौर्णिमेला सारं गाव आलं. कुणी हसलं नाही. एक म्हातारी चित्रातल्या स्वतःकडे पाहत म्हणाली, "मास्तर, माह्या मांडीवर नातू कावून नाही?"

"थो आयकत नाही कोनाचं."

आराखडा कुणाचा, असं कुणीतरी विचारलं. मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. मी हात जोडले. हारही घालून घेतला.

काही वर्षांनी मास्तर गेले. पुण्यानुमोदनाला मी अकोल्याला गेलो. त्या पोरांपैकी एक आता त्याच शाळेत ड्रॉइंग शिकवत होता. त्याला बाजूला घेऊन मी एकदाचं सगळं सांगितलं.

"सरनं आमाले तवाच सांगतलं होतं," तो म्हणाला. "म्हने, तुमी त्याले काही बोलू नका, थोच बोलन. आमी वाट पाहून राह्यलो होतो, साहेब."