कोरड्या डब्यातली फूटपट्टी

आमच्या वन्सं कधीकाळी स्वर्गात गेल्या (देव त्यांना उदंड आयुष्य देवो), तरी अमृताचा पेला हातात आल्यावर आधी त्यात हळदीच्या कागदाची पट्टी बुडवून बघतील आणि मगच तो ओठाला लावतील, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, लोणावळ्यात आमच्याच घरी राहतात, आणि कार्ल्याच्या पलीकडच्या एका गावातल्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. शिकवलं म्हणजे फळ्यावर लिहून दिलं असं नव्हे. प्रत्येक प्रयोग प्रत्येक पोराच्या हातून झालाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. "हाताला कळलं नाही, तर डोक्याला नुसतं कळल्यासारखं वाटतं," हे त्या इतक्यांदा म्हणत की आमच्या घरी भांडी घासणाऱ्या मावशीही ते मला ऐकवू लागल्या.

मी सून म्हणून या घरात आले तेव्हा स्वयंपाकघर स्वयंपाकासाठी असतं अशी माझी भाबडी समजूत होती. इथे तर दोरीवर टॉवेलांच्या शेजारी हळदीत आणि जास्वंदीच्या रसात बुडवलेले कागद वाळत असत, आणि माझी आमटी पानात पडण्याआधी परीक्षेला बसत असे. पहिल्याच सणाला माझ्या मोतिया साडीवर हळद सांडली. मी घाईनं साबण लावला, तर डाग लालभडक झाला. मी रडकुंडीला आले, सासूबाई "हे काय गं विपरीत" म्हणत देवापुढे जाऊन उभ्या राहिल्या, आणि वन्सं मात्र आनंदानं ओरडत शेजारणीला बोलवायला धावल्या. "बघा, बघा! हळदीत चुना कालवून कुंकू करतात ना, तेच झालंय!" मग लिंबू पिळून त्यांनी तो डाग पुन्हा पिवळा करून दाखवला, शेजारणीच्या जाऊबाई उशिरा आल्या म्हणून परत साबण लावून लाल केला. ती साडी मला काही परत मिळाली नाही. पुढे कित्येक वर्षं ती सातवीच्या वर्गाच्या उपयोगी पडली.

त्यांच्याबरोबर प्रवास करायचा म्हणजे आणखी कठीण. मुंबईहून येताना त्या पनवेलला वेफर्सचा पुडा घेत, पण फोडू देत नसत. एसटी घाट चढून खंडाळ्याला आली की वरची हवा विरळ असल्यामुळे तो पुडा टम्म फुगे, आणि वन्सं तो शेजारच्या प्रवाशापुढे धरून म्हणत, "जरा दाबून बघा." एका भल्या माणसानं तो दाबून बघितला आणि विचारलं, "केवढ्याला दिला, मावशी?" घरी पाहुणे आले की चहाच्या आधणात तापमापी जाई, कारण लोणावळ्यात पाणी शंभर अंशाला पोचायच्या आधीच उकळतं हे पाहुण्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं. पाहुण्यांना ते दिसे, पण चहा कडू झालेला असे.

असं सगळं सुखानं चाललं होतं आणि गेल्या वर्षी जूनमध्ये ते बुचाचं प्रकरण झालं. लिंबाचा रस आणि खायचा सोडा बाटलीत घालून वर बूच लावायचं, आतल्या वायूनं ते उडतं, हा नेहमीचाच प्रयोग. त्या दिवशी बूच उडालं ते थेट शाळेला जमीन देणाऱ्या थोर गृहस्थांच्या तसबिरीवर. काच फुटली, आणि तीही बरोबर मिशीवर. त्या गृहस्थांचे चिरंजीव, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, तेच शाळा समितीचे अध्यक्ष. मुख्याध्यापक मुळात भित्रे, त्यांनी तडक फर्मान काढलं: यापुढे प्रयोग फक्त पडद्यावर दाखवायचे. वन्संच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं. त्या घरी येऊन जेवल्या नाहीत. "पडद्यावरचा प्रयोग कधी फसत नाही गं," म्हणाल्या. "मग पोरं शिकणार काय?" मला त्यांची चेष्टा करायची इतकी सवय, पण त्या दिवशी मी नुसतं त्यांचं ताट झाकून ठेवलं.

शेवटी त्यांनी आबांना गाठलं. आबा म्हणाले, "समितीपुढं करून दावा. पटलं तर बघू." आता शहाण्या माणसानं बेताचा, हमखास जमणारा प्रयोग निवडला असता. पण अभ्यासक्रमात त्या आठवड्याला स्थिर विद्युत होती, म्हणून वन्संनी तीच धरली: लोकरीवर फूटपट्टी घासायची आणि कागदाचे कपटे उचलायचे. जुलैत! आमच्याकडे जुलैत मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही आणि पापड कापडासारखा दुमडतो. ओल्या हवेत ही वीज टिकत नाही हे वन्संना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणून त्यांनी शेजारच्या चिक्कीवाल्याच्या भट्टीजवळ लोकरीचं फडकं आणि फूटपट्टी दोन दिवस वाळवली, मग कोरडे भाजलेले तांदूळ घातलेल्या डब्यात ठेवली. रिक्षात तो डबा माझ्या मांडीवर. "त्याच्यावर श्वास सोडू नकोस," त्यांनी मला बजावलं, "श्वासात बाष्प असतं." कार्ल्यापर्यंत मी रिक्षाबाहेर तोंड काढून बसले आणि भिजले.

आणि एवढं सगळं केल्यावर बाईंनी काय करावं? समिती पावसातून आली, पाहुणा दारात आला की आधी चहा ही गावाची रीत, म्हणून वन्संनी स्वतःच त्याच वर्गात विजेच्या शेगडीवर चहाचं पातेलं चढवलं! दारंखिडक्या बंद, आत सारा वर्ग, खुंट्यांवर निथळणारे रेनकोट आणि वर चहाची वाफ. फूटपट्टी घासली. कपटे ढिम्म. पुन्हा घासली. मुख्याध्यापक छताकडे बघू लागले. वन्संचा चेहरा असा उतरला की मला उठून त्यांच्यापाशी जावंसं वाटलं.

त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि मुलांनाच विचारलं, "का नाही झालं?"

मग मागच्या बाकावरची एक काटकुळी पोरगी उठली. "बाई, च्याची वाफ. हितं समदं ओलं झालंया."

"मग काय करायचं?"

त्यानंतर वर्गाचा ताबा पोरांनी घेतला. चहाचं पातेलं बाहेर गेलं, रेनकोट बाहेर गेले, फडकं शेगडीवर धरून शेकलं गेलं. त्या पोरीनं वर्गभर नजर फिरवली आणि ती आबांपुढे जाऊन उभी राहिली. "आबा, तुमी बी बाहेर व्हा. तुमचं धोतार लय ओलं हाय."

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. आबा उठले, निमूट व्हरांड्यात गेले, आणि त्यांच्यामागून सगळी समिती गेली. खिडकीच्या काचेला नाक लावून ते आत बघत राहिले. पोरीनं पट्टी घासली, कपट्यांवर धरली. एकच कपटा थरथरला, उभा राहिला आणि पट्टीला जाऊन चिकटला.

"उडालं! आरं, उडालं की!" बाहेरून आबाच पहिल्यांदा ओरडले. मग दाराशी येऊन, पण उंबऱ्याच्या बाहेरच थांबून, म्हणाले, "बाई, तुमचं चालू द्या. फकस्त आमच्या वडलांस्नी दुसऱ्या भिंतीवर लावा." वन्संना त्यांचं प्रयोगाचं टेबल परत मिळालं, आणि ते वर्ष त्यांनी असं काही गाजवलं की आमच्या घरात मीठ शोधायला मला त्यांची पिशवी उपसावी लागे.

यंदा त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी शाल-नारळ झाल्यावर मुलींनी त्यांना मागच्या बाकावर नेऊन बसवलं आणि म्हणाल्या, "बाई, आज तुमी नुसतं बघायचं." शेतात फवारतात ते मोरचूद त्यांनी परीक्षानळीत तापवलं; नळी त्याच काटकुळ्या पोरीच्या हातात होती. निळ्या खड्यांची पांढरी भुकटी झाली. ती निवल्यावर त्यांनी पाण्याचा थेंब टाकला आणि ती पुन्हा निळी झाली. सगळा वेळ वन्सं दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. त्यांना मदतीला उठू नये म्हणून काय कष्ट पडत होते, ते शेजारी बसलेल्या मला दिसत होतं.

परतताना, एरवी रिक्षावाल्यालाही ब्रेकमधलं घर्षण समजावणारी ही बाई लोणावळ्याच्या वेशीवरच्या वळवणपर्यंत नुसती शालीची घडी मोडत-घालत बसली होती. मग एकदम म्हणाल्या, "अगं, नळी तिनं सरळ उभी धरली होती. खड्यातलं पाणी वरून गळून तापल्या काचेवर आलं असतं तर नळी तडकली असती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं आपण होऊन ती तिरकी केली. माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही."

"मग चांगलंच झालं की, वन्सं."

"चांगलंच झालं. जन्मभर हेच तर हवं होतं मला," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. "मग इतकं रडू का येतंय गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला आणि उत्तर त्यांनाही ठाऊक नसलेला हा पहिलाच प्रश्न. मी त्यांचा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.