जुन्या दरानं, सामानासकट

यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांत माझ्या इवायाइतका हट्टी माणूस सापडायचा नाही. इवाई म्हणजे व्याही. माझी मुलगी त्यांच्या मुलाला दिली आहे, म्हणून मी त्यांची ईनबाई, म्हणजे विहीण. एस्टीत कंडक्टरकी करून ते निवृत्त झाले, म्हणजे कागदावर झाले. आर्णीच्या त्यांच्या घरी दोन पाहुणे एकदम आले की ते अजून म्हणतात, "दारात उभे राहू नका, मांगं जागा हाय." ऑटोत बसले की टपावर दोन थापा मारतात, तोवर ऑटोवाल्याला निघू देत नाहीत. पोरांच्या लग्नात त्यांनी वऱ्हाडाच्या गाडीतली माणसं मोजली, तर एक जास्त भरला. वाटेत घाटंजीला जेवणाच्या आशेनं चढलेला कोणी होता. इवायांनी त्याला उतरवलं नाही. मांडवात शेजारी बसवलं, बुंदी दुसऱ्यांदा वाढायला लावली आणि हात धुवून झाल्यावर घाटंजीपासूनचं भाडं मागून घेतलं. मी तेव्हाच पोरीला सांगितलं, तुझा सासरा येडा आहे, पण वाईट नाही.

पोरगी आणि जावई पुण्याला नोकरीला गेले, तेव्हा जुना कॉम्प्युटर इवायांकडे ठेवून गेले. त्यावर त्यांनी एस्टीची जुनी तिकिटं जमवणाऱ्यांची एक साइट काढली. असला छंद असलेली माणसं असतात हेच मला ठाऊक नव्हतं, पण निघाली, आणि पुष्कळ निघाली. कोणी आजोबांच्या कोटाच्या खिशात सापडलेलं तिकीट दाखवायचा, कोणी कॉलेजच्या पहिल्या दिवसाचं. वणीचे एक निवृत्त मास्तर आणि अकोल्याचे एक वकील, अर्धं तिकीट गुलाबी होतं की पिवळं यावर महिनाभर भांडले, आणि शेवटी एकमेकांच्या घरी जेवून आले. इवायांची बायको गेल्यापासून त्या घरात रेडिओसुद्धा लागत नव्हता. त्याच घरात ते एकटे कॉम्प्युटरपुढे बसून मोठ्यानं हसताना मी पाहिले. म्हणून मी त्या खुळाला कधी नावं ठेवली नाहीत. म्हणजे त्यांच्या तोंडावर ठेवली, मागं नाही.

मग एका वर्षी साइट ठेवणाऱ्या कंपनीनं भाडं एकदम वाढवलं. महिनाअखेर पैसे भरा, नाहीतर सगळं पुसून टाकू, असं कळवलं. आजवर इवाई आपल्या पेन्शनीतून भरत होते, आता ते झेपणारं नव्हतं. मी म्हटलं, "तिकीटवाल्याइले वर्गणी मांगा."

"कंडक्टर वर्गणी मांगत नसते, ईनबाई. पैसे घेतले का तिकीट द्या लागते."

आणि खरंच तिकिटं निघाली, फक्त गाडी नव्हती. ज्याला जिथून जिथं जायचं असेल त्यानं लिहावं, भाड्याची मनीऑर्डर करावी, आणि इवायांनी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर तिकीट लिहून, आपल्या कंडक्टरकीच्या चिमट्यानं भोक पाडून टपालानं पाठवावं. इथवर ठीक होतं. पण भाडं त्यांनी लावलं ते नोकरीच्या पहिल्या वर्षाचं. वर म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट, आणि साइटीवर निम्मे म्हातारेच. मी म्हटलं, भाडं वाढवा. तर म्हणतात, "दर ठरवनं आपल्या हातात नाई. वरून येते." स्वतःच्याच गाडीला वरचा कोण, हे मी विचारलं नाही. मला त्या दिवशी डोकेदुखी नको होती.

त्यात ती वर्षं कापसाला भाव नसलेली. गावोगावची पोरं सुरतेला, पुण्याला कामाला निघून गेलेली. त्यातल्या एकानं तिकिटाची गंमत पाहिली आणि दहा जणांना सांगितली. झालं. जो तो आपल्या गावाचं तिकीट मागू लागला. तेही सुरतेहून नाही, तर लांबच्या गाडीतून उतरल्यावरच्या शेवटच्या फाट्यावरून गावापर्यंतचं, दोन-तीन टप्प्यांचं. तिकिटं ढीगभर आणि पैसे मूठभर. एकानं मात्र यवतमाळ ते सुरत मागितलं. लांबचं, चांगल्या पैशांचं. इवायांनी ती मनीऑर्डर परत पाठवली. "तिकडं जाणाऱ्या गाड्या भरूनच जातात. त्याले माझं तिकीट कायले?" मला राग आला.

चार दिवसांनी मीच उपाय सांगितला. "इवाई, परदेशातून आल्यासारखे लोक गावी येतात. रिकाम्या हातानं येते का कोणी? सामानाचं तिकीट फाडा." ते उठले आणि जुन्या दरांचा कागद काढून बसले. सामानाला जुन्या दरात वजनावर भाडं होतं. मग काय विचारता. कोणी आईसाठी मिक्सर लिहिला, कोणी बहिणीसाठी शिलाई मशीन, कोणी बापासाठी टेबलफॅन. एकानं लोखंडी कपाट लिहिलं, त्याला इवायांनी कळवलं, "टपावर टाका लागन. दोरी तुमची." शिलाई मशीन पायासकट आहे की बिनपायाची, यावरून पोस्टकार्डं गेली आणि आली. खोटं सामान, पण वजन खरं लागायचं.

तरी शेवटच्या दिवशी थोडे कमीच पडले. दुपारी मी गेले तर कॉम्प्युटर बंद होता आणि इवाई भिंतीकडे तोंड करून बसले होते. चहाही विचारला नाही. मी कमरेची पिशवी सोडली.

"एक फाडा."

"तुमाले कुठचं? तुमी तं इथल्याच."

"माह्यं नाई. पुणे ते आर्णी. दोन फुल."

त्यांनी चिमटा उचलला आणि तसाच धरून ठेवला. मग खाली पाहूनच विचारलं, "सामान?"

"सगळं लिहा. पलंग, कपाट, गॅस, पोरीची भांडी. राह्यालेच येऊन राह्यले ते."

पुण्यात दोघांनी नुकताच फ्लॅट घेतला होता. ते इवायांना माहीत होतं, मलाही. इवायांनी दराचा कागद काढला, एकेका वस्तूचं वजन धरलं, पलंग टपावर टाकला. भांड्यांवर थोडं अडले. "पितळी का स्टील?" मी पितळी सांगितली, जास्त भरतात.

साइट त्या वर्षी वाचली. ते तिकीट माझ्याजवळ आहे. सगळे रकाने त्यांनी नीट भरले आहेत, तारखेचा तेवढा कोरा सोडला आहे. घाईत राहिला असेल असं म्हणावं, तर त्या दुपारी आम्हां दोघांनाही घाई कसलीच नव्हती.