हात सुनंदाचे, आवाज माझा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, आणि त्याच्यापुढे माझ्या पोटात फारसं काही राहत नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

नवऱ्याला नंजनगूडच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून आम्ही साताऱ्याहून म्हैसूरला आलो. मला इथल्या एका शाळेत गणित शिकवायला मिळालं. सुनंदा तिथेच विज्ञान शिकवायची. तिचं घर शिंप्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या देवराज मोहल्ल्यात राहिलेलं. घरात मराठीच बोलतात, पण कसं! निम्मं कानडी, निम्मं त्यांच्या मनाचं. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. पुढे पुढे ते बोलणं कानावर पडल्याशिवाय मला डबा गोड लागेना.

रविवारी विठ्ठल मंदिराच्या हॉलमध्ये आम्ही दोघी त्यांच्या समाजातल्या मुलांना गणित-विज्ञान शिकवायचो. मोबाइलवर व्हिडिओंना काय तोटा? अपूर्णांकांसाठी नाचणारे पिझ्झे, गाणारे गोळे, खेळ. मुलं बघायची, खिदळायची, आणि अर्ध्याचं अर्धं किती असं विचारलं की छताकडे बघायची. सुनंदा म्हणाली, आपणच करूया की.

तिच्या भावाच्या दुकानाच्या माडीवर आम्ही बसलो. मी मोबाइल धरला, खाली फक्त तिचे हात आणि एक ब्लाउजपीस. "बघा मक्कळे, मेल्लगे मडचायचं, घाई नाही. आता परत मडचा. किती झाले? चार, अल्वा?" मडचायचं म्हणजे दुमडायचं, अल्वा म्हणजे हो ना; घरी जशी बोलायची, तशीच ती मुलांशी बोलत गेली. तेवढ्यासाठी तिच्या भावानं ऐन लग्नसराईत खालची मशिनं दुपारभर बंद ठेवली. मुलांना तो व्हिडिओ इतका आवडला की त्यांनी घरी जाऊन आज्यांचे पदर दुमडले.

आता मुद्द्यावर यायला हवं. टाळतेय — कळतंय मला.

माझी बहीण पुण्याला शिक्षिका आहे. तिथले काही शिक्षक मराठीतले असे व्हिडिओ गोळा करत होते, म्हणून मी आमचा पाठवला. बहिणीचा फोन आला. कल्पना फार छान, पण ही बोलतेय कोण? वर्गात मुलं हसतील गं. तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? ही माझी मैत्रीण आहे, आणि तिचं मराठी असंच आहे — एवढंच ना? मी म्हणाले, अगं, तो कच्चा आहे, पक्का पाठवते.

आणि मी सुनंदाचा आवाज काढून माझा घातला. स्वच्छ, पुस्तकातल्यासारखा. हात तिचेच ठेवले. पुण्यात कौतुक झालं, ते माझ्या नावावर. सुनंदाला सांगितलं की वर्गातल्या मोठ्या स्पीकरवर तुझा आवाज नीट येतच नाही, नुसती खरखर येते. धडधडीत खोटं. इतका लख्ख आला होता की बांगड्यांची किणकिणसुद्धा ऐकू येत होती. मूळचा व्हिडिओ मी पुसून टाकला. मुलांच्या मोबाइलवरही नवा पाठवला आणि जुना काढायला लावला. ती तो जुना कधी लक्ष देऊन ऐकेल, ही भीती.

भांडली असती तर बरं झालं असतं. ती उलट चूक स्वतःकडे घेऊन माझीच समजूत घालायला लागली. "रस्त्याकडची खिडकी उघडी ऱ्हायली गं, तप्पु माझाच." भाऊ पुन्हा मशिनं बंद ठेवायला तयार होता. मी बघू, बघू म्हणत राहिले. मग तिनं विचारणं सोडलं.

आणि मग ती बोलायचीच थांबली. माझ्याशी नाही — मुलांशी. आता रविवारी ती कापडाच्या घड्या घालते आणि मला म्हणते, तू बोल. माझ्याशी बोलतानाही शब्द निवडते, मध्येच अडते, पुसून पुन्हा मांडते. ती माझ्या शेजारी बसलेली असते आणि मला तिची आठवण येते. असं कुणाला होत असेल का? मला तिचं ते बोलणं हवंय, इतकं हवंय की कधीकधी मी देवराज मार्केटात उगाच एखाद्या शिंप्याच्या जुन्या दुकानापाशी रेंगाळते, आतल्या बायकांचं बोलणं ऐकत.

गेल्या रविवारी एका छोट्या मुलीनं तिला विचारलं, टीचर, तुम्ही का नाही सांगत? सुनंदा हसली. तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "आपलं मराठी घरात बोलायचं, अम्मा. इथं ह्या टीचरचं शिकायचं. तेच बरोबर, अल्वा?"

आणि तिनं माझ्याकडे बघितलं. सगळी मुलंही बघत होती.

मी मान हलवून हो म्हटलं.