विहिरीतलं पिवळं कासव

आमच्या वाडीत पाणी भरपूर होतं, पण सगळं खारं. पनवेलच्या खाडीकडेला मिठागरं आणि मिठागरांच्या कडेला आमची पंधरा-वीस घरं. बाबा मिठागरावर मजूर होते. संध्याकाळी ते पाय धुवायला गोडं पाणी मागायचे, तेव्हा आय म्हणायची, "पायांना कनाला? पायांना तहान लागलीय?" प्यायचं पाणी ती शेतांपलीकडच्या तळ्यावरून डोक्यावर आणायची. हंड्याच्या बुडाएवढी तिची टाळू घासून गुळगुळीत झाली होती. मीही तेच पाणी आणून मग शाळेत जायची, म्हणून पहिल्या तासाला माझी हजेरी कधी लागली नाही.

बाबांनी आणि काकांनी उन्हाळ्यात विहीर खणायला घेतली. पहिल्या दोन खड्ड्यांना खारं पाणी लागलं. तिसरा खड्डा टेकाडाच्या पायथ्याशी घेतला, तिथे गोडं लागलं. बाबांनी आत उतरायला पाच दगडी पायऱ्या बांधल्या आणि ते कासव आणायला नदीकाठच्या आपटा गावाला गेले. नव्या विहिरीत कासव सोडल्याशिवाय आमच्यात कुणी पाणी पीत नसे. कासव किडे-अळ्या खातं, पाणी निवळ राहतं. इतकं साधं होतं ते.

बाबांनी नदीवरच्या एका माणसाकडून ओल्या गोणपाटात कासव आणलं. पाठीवर कडक ढाल नव्हती, जाड चामडं होतं. सगळं चिखलानं माखलेलं. विहिरीत सोडल्यावर दोन दिवसांत चिखल धुतला गेला आणि ते पिवळं निघालं. डोकं पिवळं, पाय पिवळे, डोळे लालसर.

बाबा वरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "फसवला रं मला. याला कावीळ झालीय."

आयनं महिनाभर काविळीचा पाला वाटून त्याला पिठाच्या गोळीतून दिला. कासवानं तो आनंदानं खाल्ला. रंग काही उतरला नाही.

मी तेव्हा पनवेलच्या हायस्कूलमध्ये होते. शास्त्राच्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "पांढरा उंदीर असतो ना, तसंच हे. कातडीत काळा रंग जन्मतःच तयार झालेला नाही. काळा वजा केला की खाली पिवळा उरतो. आजार नाही." मी घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे काळा रंग आपट्यालाच राहिला. मग त्यानं पैसे तरी कमी घ्यायचे व्हते."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण वाडीत धवलारीण होती. आमची लग्नं तेव्हा ती लावायची. तिनं धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हटले की लग्न लागलं. तिनं नाही म्हटलं तर नवरा-नवरी बसून राहायची. सत्तरीची बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, बोटं हळदीनं कायमची रंगलेली. ती एकदा पाणी प्यायला आली, पायरीवर उतरली आणि हात जोडून उभी राहिली.

"गो, तुमच्या इरीत देव हाय," ती आयला म्हणाली. "देवळात दगडाचा असतोय. यो जित्ता हाय. हळद लावूनच आलाय."

त्या वर्षापासून वाडीतल्या प्रत्येक लग्नाची हळद आधी कासवाला. वाटीभर हळद, वर तेल, वर तांदूळ, सगळं विहिरीत. नवे पैसे तेव्हा नुकतेच चालू झाले होते, तेही पडू लागले. शेजारच्या वाड्यांतूनही नवरे येऊ लागले. पाण्यावर तेलाचा तवंग, तांदूळ कुजले की वास. लग्नसराई संपेपर्यंत आय पुन्हा हंडा घेऊन तळ्यावर जाऊ लागली. विहीर आमची, पाणी देवाचं.

"तिला सांग ना, नको टाकू म्हणून," मी म्हणाले.

"तू सांग," आय म्हणाली. "उद्या तुझा लगीन कोण लावील?"

कासवाची एक खोड मात्र आम्हालाच ठाऊक होती. आय संध्याकाळी मासे साफ करून हळद-मीठ लावायची. मग पायरीवर कळशी दोनदा आपटायची, की कासव खालून वर यायचं आणि ती एक तुकडा त्याच्यापुढे धरायची. मान वीतभर लांब करून ते हिसका देऊन घ्यायचं. बाकी कुणाकडे बघायचंही नाही. पण अलीकडे हळद घेऊन आलेल्या नवऱ्यांवर ते झेप घ्यायला लागलं होतं. एका नवऱ्याचं मुंडावळीचं टोक गेलं. धवलारीण म्हणाली, परसाद घेतला.

मी दोन काड्या घेतल्या. एकीला हळद लावली, दुसरीला राख. रोज संध्याकाळी एक-एक करून दोन्ही पाण्यात धरल्या, कधी ही आधी, कधी ती. आठ दिवस वहीत लिहिलं. हळदीची काडी आठही दिवस चावली. राखेची एकदाही नाही. कासवाला देवपण नको होतं, मासा हवा होता.

वही घेऊन मी धवलारणीकडे गेले. "आजी, हळद लागलेलं बोट त्याला मासा वाटतं. एखाद दिवशी चावेल. हळद बंद करा."

"दोन बुकं शिकली नाय तं देवाला मासं खाऊ घालायला निघाली!" ती म्हणाली. "मी चाळीस वरसं हळद लावतंय. मना कोण चावला नाय."

पुढच्याच लग्नाला ती वाजतगाजत आली. पायरीवर वाकली आणि देवाच्या कपाळाला बोट लावायला गेली. कासवानं बोट धरलं.

ती ओरडली, हात वर ओढला, तर कासव बोटासकट वर आलं. वाजंत्री थांबले. आमच्या शेजारी एक चाचा राहायचे, जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्यापर्यंत जाऊन आलेले. ते धावत आले आणि म्हणाले, "ओढू नका! बंगालमध्ये मी पाहिलंय. कासव एकदा धरलं की आभाळ गरजल्याशिवाय सोडत नाही."

वैशाख होता. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. मग वाडीनं आभाळाचं काम हाती घेतलं. हंडे, पराती, ताट, जे मिळेल ते बडवू लागले. वाजंत्र्यांनी ढोल धरला. नवरा मुंडावळ्या बांधून थाळी वाजवत होता. कासव ढिम्म. धवलारीण मध्ये रडत होती आणि शिव्या देत होती, देवाला की आम्हाला, ते कळत नव्हतं.

मला एवढंच सुचलं की हवेत लोंबकळणारा प्राणी घाबरून घट्ट धरणारच. मी खाली उतरले, तिचा हात मनगटाशी धरला आणि कासवासकट पाण्यात बुडवला. तिनं मला दुसऱ्या हातानं थोबाडीत मारली. मी हात सोडला नाही. थोड्या वेळानं कासवानं बोट सोडलं आणि ते तळाशी निघून गेलं.

हंडे-पराती थांबल्या. फक्त नवऱ्याची थाळी थोडा वेळ चालू राहिली.

धवलारणीनं बोटाला पदर गुंडाळला. नखाची अर्धी बाजू गेली होती. विहिरीकडे बघत ती म्हणाली, "ऐका सगलं. या देवाला हळद चालत नाय. तेल नाय, तांदूल नाय, पैसा नाय. कोनी टाकला तं त्याचा लगीन मी लावनार नाय."

माझी वही खरी ठरली, असं ती म्हणाली नाही. देव कोपिष्ट आहे एवढंच म्हणाली. मी वाद घातला नाही, कारण पाण्याला कारणाशी देणंघेणं नव्हतं. जाताना ती बाबांपुढे थांबली आणि म्हणाली, "पोरीचा हात घट हाय. शिकव तिला."

त्या उन्हाळ्यात विहीर उपसली आणि आयनं हंडा घरी उपडा घातला. मला शाळेत पहिल्या तासाला हजेरी मिळाली. पुढे मी मुंबईला कॉलेजात राहून प्राणिशास्त्र घेतलं. बी.एस्सी. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या वाडीतली पहिली पदवी माझी. नळ येईपर्यंत सगळी वाडी त्या विहिरीचं गोडं पाणी प्यायली, आणि बाबांनी रोज संध्याकाळी त्या पाण्यानं पाय धुतले.