घोड्याच्या मानेतल्या वच्छलाबाई

देवघरातले टाक घडवावेत ते अमळनेरच्या नवलआबांनीच, असं चोपड्यापर्यंत म्हणतात. चांदीचा पातळ पत्रा त्यांच्या ठशावर ठोकला की घोड्यावरचा खंडोबा उमटलाच. पण आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, हात कापू लागला, आणि ठसे सुनेच्या, नूतनच्या, हवाली करायचं ठरलं. मूळचे महाहट्टी, पण सुनेची छिन्नी आपल्यापेक्षा सरळ चालते, हे त्यांनी चारचौघांत कबूल केलं.

देण्याआधी मात्र एक काम गुपचूप उरकायचं होतं. खंडोबाच्या ठशात, घोड्याच्या आयाळीत, त्यांनी तरुणपणी एक चेहरा लपवला होता. बायकोचा, वच्छलाबाईंचा. तेव्हा हौस होती, आता धास्ती होती. लोक त्या टाकापुढे हात जोडतात. कुणाच्या ध्यानात आलं तर देव बाटवला म्हणतील आणि नूतनच्या हातचा टाक कुणी घेणार नाही. तेव्हा ती जागा सपाट करून टाकलेली बरी. जीव तुटत होता, तरी आबा छिन्नी घेऊन बसले.

तेवढ्यात नूतन फोन घेऊन आली. देवपूरची ही पोर चित्रकला शिकून आलेली, सदानकदा नवे नमुने धुंडाळणारी.

"आबा, ग्रीस देशातलं चांदीचं नाणं बघा. दोन हजार वर्षांहून जुनं. या बैलाच्या खांद्याच्या वळ्यांत माणसाचा चेहरा दिसतोय? काही म्हणतात मुद्दाम लपवलाय, काही म्हणतात नुसत्या वळ्या आहेत."

आबांनी चष्मा पुसून फोन नाकाला लावला. डोळा, नाक, हनुवटी.

"मुद्दामच शे," ते म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं. पण छिन्नी हातातच होती.

दाराशी वच्छलाबाई चिंच लावून टाक घासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मंग आपला घोडावर छिन्नी कसाले लावतस?"

आबांचा चेहरा पडला. "तुले माहीत शे?"

"बठ्ठा टाक मीच घासस. मनं नाक माले वळखू येवाव नही का? तठे मी हात हलका ठेवस, झिजी जाई म्हनीसन."

"आनि लोके?"

"लोके हात जोडतस ते देवले. मी नुसती घोडावर बशेल शे."

नूतनला हसू आवरेना. आबांनी छिन्नी खाली ठेवली. डोळ्यांत पाणी आलं, त्याचं खापर त्यांनी मोतीबिंदूवर फोडलं.

पुढे नूतननं आपला पहिला ठसा कोरला, तोही खंडोबाचाच. आबांनी भिंग लावून घोडा तपासला, आयाळ तपासली. वच्छलाबाई जिथल्या तिथे होत्या. मग भिंग खाली सरकलं, घोड्याच्या पायाशी धावणाऱ्या कुत्र्यावर आलं आणि त्याच्या कानाशी थांबलं. तिथे चष्मा लावलेला एक म्हातारा होता.

वच्छलाबाईंनी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"बरं झाय," त्या म्हणाल्या. "इतला साल मी एकलीच लोकेसना देवघरमा जायी ऱ्हायनू. आते तुमी बी चला."