लाल अक्षरांचा बोर्ड

मी स्टुलावर चढून दवाखान्याचा बोर्ड काढत होते. खाली आमचा वॉचमन सिद्धाप्पा स्टूल धरून उभा होता.

"बाई, सरकारी बोर्ड हाय ह्यो. काढला तर डॉक्टर मॅडमचं लायसन जातंय की."

"दहा मिनिटांत परत लावते. पाना दे."

बोर्ड असा : 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.' सोनोग्राफीच्या प्रत्येक ठिकाणी तो लावावाच लागतो. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे सांगायला बंदी आहे, एवढाच त्याचा अर्थ. गर्भपाताबद्दल त्यात एक शब्द नाही.

आमचं सोलापुरातलं सेंटर गर्भपातासाठी सरकारमान्य आहे आणि मी तिथली काउन्सेलर. म्हणजे मॅडम तपासायच्या आधी बाईशी बोलायचं, कायदा सांगायचा, फॉर्म भरायचा, तिला रडायचं असेल तर दार लावून घ्यायचं. शाळेच्या नाटकांत सगळे खलनायक मीच केले, त्यामुळे आवाज दणदणीत. गेटवर कुणी 'पाप, पाप' करत आलं की मॅडम मला पुढे करतात, आणि खरं सांगते, मला ते फार आवडतं. एका गृहस्थांना मी रस्त्याला ऐकू जाईल असं विचारलं होतं, "दादा, तुम्हाला कितवा महिना?" ते परत दिसले नाहीत.

हा बोर्डही मीच हौसेने रंगवून घेतला होता. पेंटरला म्हटलं, रस्त्यापलीकडून दिसला पाहिजे. म्हणून 'गर्भ' आणि 'गुन्हा' लाल, हातभर. बाकीचं काळं, बारीक.

त्याच्या आठ दिवस आधी मी खिडकीतून बघत होते. दोन बाया पायऱ्या चढल्या, बोर्डापुढे थांबल्या, कुजबुजल्या. सिद्धाप्पा खाकी शर्टात पुढे झाला, "काय पायजे?" त्या पळत सुटल्या. मी खिडकीतूनच ओरडले, "सिद्धाप्पा, तुझ्या मिशांना घाबरल्या बघ!" आणि हसत चहा प्यायला गेले.

त्यातली एक मंदा. वय सव्वीस, श्रीपूरच्या कारखान्यावर ऊसतोडीला आलेली, तीन मुलं, चौथ्या वेळी दिवस गेलेले. अकलूजच्या एका दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली. नवरा देईना. म्हणून जावेला, सुलूला घेऊन, कुणाला न सांगता ती सोलापूरला आली होती. हे मला बोर्ड काढला त्या दिवशी कळलं, कारण त्या भरदुपारी सुलूने तिला जीपमध्ये घालून परत आणलं. अंगात ताप, साडी रक्ताने भिजलेली, पोट लाकडासारखं कडक.

"काय घेतलंस? कुणी काही केलं का?" मॅडमनी विचारलं.

"कायबी न्हाय. घसरून पडले."

मॅडम बाहेर आल्या. "काय केलं आणि कधी, हे मला आत्ता कळायला हवं. ही मरेल, पण बोलणार नाही. तू बघ."

मी माझी सगळी वाक्यं वापरली. मंदाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

दारात सुलू रडत होती. "न्हाय सांगायची ती, ताई. सांगितलं तर बेडी पडंल. म्या चौथी शिकलीया, म्याच वाचलं की तुमचं. गर्भ. गुन्हा. वर पोलीसबी उबा हुता."

तेव्हा मी स्टूल मागवलं.

बोर्ड घेऊन मी मंदाच्या खाटेशी गेले. एकेका शब्दावर बोट ठेवून, अगदी हळू वाचला. "मुलगा हाय का मुलगी, हे सांगायचं न्हाय. एवढंच लिवलंय. पिशवी खाली करायला बंदी न्हाय, मंदा. तू सज्ञान हायस. तुझ्या एकटीच्या सहीवर हुतंय."

"मालकाची सही?"

"लागत न्हाय."

"मंग अकलूजला मागितली ती?"

"तो त्यांचा हट्ट. कायदा न्हाय."

तिने लाल अक्षरांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मंग म्या काडी कशापायी घालून घेतली?"

गर्भ पाडायची काडी, ऊसतोडीच्या खोपटांवरच्या एका बाईकडून. पाच दिवस झाले होते.

मॅडमनी लगेच ऑपरेशनला घेतलं. गर्भाची पिशवी आतून सडली होती, ती काढावी लागली. मंदा वाचली.

बोर्ड मी जागेवर लावला आणि आठवड्याभरात त्याच्याखाली दुसरा आला : 'येथे कायद्यानुसार गर्भपात केला जातो. सही फक्त बाईची लागते.' सगळी अक्षरं सारखी, सगळी काळी. तिसऱ्या दिवशी गेटवर चारजण हजर.

"हा बोर्ड काढा. पोरीबाळी वाचतात."

"वाचायलाच लावलाय."

त्यांनी तक्रार केली. आरोग्य खात्याचे साहेब आले, दोनदा वाचून म्हणाले, "ह्यात चूक काय आहे?" आणि गेले. बोर्ड अजून तिथेच आहे. सिद्धाप्पाला निळा शर्ट दिला आहे.

महिन्याने मंदा तपासायला आली. पायरीवर सुलूने तिला नवा बोर्ड वाचून दाखवला.

"ह्यो आदी का न्हाय लावला, ताई?" मंदाने विचारलं.

 

आता दवाखान्यात कुठलाही कागद लावायच्या आधी मी तो चौथी शिकलेल्या कुणाकडून तरी वाचून घेते. ते जे वाचतात, तेच त्यावर लिहिलेलं असतं; मला काय म्हणायचं होतं ते नव्हे.