सातविणीखालच्या बाई

बाई गेल्याचं मला फोनच्या आधी एका सापाने सांगितलं. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि वसाहतीच्या मधल्या रस्त्यावर अर्धा खाल्लेला समुद्रसाप खुशाल पडून होता. आमच्याकडे आठनंतर असं काही दिसायचंच नाही. दुकानाची चावी हातात घेऊन मी तिथेच थांबलो. मग फोन आला... पहाटे छातीत दुखू लागलं, माणगावला नेलं, पण उपयोग झाला नाही.

बोर्ली पंचतनच्या बाहेर आमची बारा बंगल्यांची वसाहत आहे. मधोमध जुनी सातविण आणि तिच्या शेंड्याशी समुद्रगरुडाच्या जोडीचं खाटेएवढं घरटं. आमच्याकडे त्यांना काकण म्हणतात. ही मंडळी समुद्रावरून जेवण आणतात, वर बसून जेवतात आणि खरकटं आमच्या अंगणात टाकतात. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा पोह्यांच्या बशा बाहेर येतायत तोच मुलाच्या मामांच्या मांडीवर माशाचं डोकं पडलं. मामा माळकरी होते. स्थळ गेलं. मुलगी आजही त्या माशाचे आभार मानते, पण दुसऱ्या दिवशी झाड तोडण्याच्या अर्जावर पहिली सही माझी होती आणि मी ती चांगली झोकदार केली होती.

सुमनबाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, दर बुद्धपौर्णिमेला बाराही घरी खीर पोचवणाऱ्या. वसाहतीच्या सभेत त्या उठल्या. "घरट्यात पिल्लू आहे. ते उडेपर्यंत थांबा. सकाळी आठनंतर कुणाच्या अंगणात एक काटा दिसला, तर तोडणाऱ्याला मी स्वतः बोलावते." सगळे हसले. मी जरा जास्तच. दुसऱ्या दिवसापासून बाई उजाडताच बादली घेऊन बारा अंगणं फिरू लागल्या. ते पिल्लू उडालं, पुढच्या वर्षी नवं आलं, बाईंनी तोच शब्द पुन्हा दिला... अशी सात वर्षं गेली.

मी काही साधा माणूस नाही. पहिल्याच महिन्यात घरातल्या बांगड्याचं डोकं सव्वाआठला माझ्या पायरीवर ठेवलं आणि चेहरा शक्य तितका दुःखी करून बाईंना हाक मारली. त्यांनी ते उचललं, नाकाशी नेलं.

"प्रकाशभाऊ, काकण मासळीला हळद-मीठ कधीपासून लावतात?"

"मीठ समुद्राचंच असेल, बाई."

"आणि हळद?"

आतून माझी बायको हसली. त्यानंतर मी अर्जाचं नाव काढलं नाही. पण बादलीलाही हात लावला नाही, हे आज लिहायलाच हवं.

बाई गेल्या त्या आठवड्यात, झाडाखाली किती काय पडतं ते आम्हाला पहिल्यांदा कळलं. काटे, पिसं, खेकड्यांच्या नांग्या, आणि उन्हं चढली की वास. दहाव्या दिवशी सभा भरली. अर्ज पुन्हा टेबलावर आला. वर घरट्यात यंदाचं पिल्लू नुकतं पंख उघडून उभं राहायला लागलं होतं. शेजारचे पाटील म्हणाले, "बाई होत्या तोवर ठीक होतं. शब्द त्यांचा होता, तो त्यांच्याबरोबर गेला."

मी उठलो. सभांमध्ये मी आजवर लोकांना हसवतच आलोय, त्यामुळे चार जणांनी आधीच हसायची तयारी केली.

"शब्द गेलेला नाही," मी म्हटलं. "उद्यापासून आठनंतर काटा दिसला, तर मला दाखवा."

"तुला? तू उठतोस कधी रे?"

"ते उद्या बघा, पाटील. पण आठनंतर. आधी नाही."

अर्ज काही फाटला नाही. पिल्लू उडेपर्यंत बाजूला ठेवलाय, एवढंच. पुढच्या वर्षी मी पुन्हा उठेन.

संध्याकाळी बाईंच्या मुलीने त्यांचा काटे उचलायचा चिमटा आणून दिला. चुलीतला साधा लोखंडी चिमटा, मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, बाईंच्या उंचीला बेताचा. मला तो फारच आखूड पडतो. माझं हार्डवेअरचं दुकान, लांब चिमटे भिंतीवर ओळीने टांगलेले आहेत... पण मी हाच नेतो. दर काट्यापुढे कंबरेत पुरतं वाकावं लागतं, आणि बारावं अंगण संपतं तेव्हा आठ वाजायला दोन-तीन मिनिटं उरलेली असतात.